दुरून परतल्यावर : भूगोलाच्या प्रबंधिकेविषयी काही विचार

समीक्षा करताना आपण कविता, कथा, आत्मकथन यांचा विचार करतो. पदवीच्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रबंधिकेकडे मात्र कोणी त्या नजरेने पाहत नाही. ती लिहिली जाते, दोन परीक्षक वाचतात, गुण पडतात आणि ती कपाटात जाते. परंतु माणसे कोठे राहतात, कशी राहतात आणि त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न ज्या लेखनात येतात ते समीक्षेच्या बाहेर ठेवण्याचे काही कारण नाही. भूगोलाची प्रबंधिका हे असे लेखन आहे. त्यातही ब्रिटनमधला जो विद्यार्थी एक वर्ष परदेशात शिकून परततो आणि मग पदवीची प्रबंधिका लिहायला बसतो, त्याच्या लेखनात हे प्रश्न अधिकच उघडे पडतात. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

हा विषय आपल्या वाचकाला दूरचा वाटेल. म्हणून माझा त्याच्याशी संबंध काय, हे आधी सांगितले पाहिजे. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आई-वडील ऊसतोडीला जात. राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर मी उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठात एक वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. तेथे भूगोल विभागाच्या संगणककक्षात माझ्या शेजारी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली बसत. त्यांतली काही नुकतीच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, हाँगकाँग अशा ठिकाणी वर्ष काढून आलेली होती. त्यांची ओढाताण मी जवळून पाहिली. विभागाच्या कपाटात मागच्या वर्षांच्या चांगल्या प्रबंधिका ठेवलेल्या असत. त्याही मी बऱ्याच वाचल्या. त्या वाचनातून हे विचार आले आहेत.

प्रथम त्या शिक्षणपद्धतीची थोडी माहिती. इंग्लंडमध्ये पदवी सामान्यतः तीन वर्षांची असते. परदेशातले वर्ष घेतले तर ती चार वर्षांची होते. दोन वर्षे स्वतःच्या विद्यापीठात, तिसरे बाहेर, चौथे पुन्हा घरी. शेवटच्या वर्षी भूगोलाच्या विद्यार्थ्याने स्वतंत्र संशोधन करून साधारण दहा हजार शब्दांची प्रबंधिका लिहावी, अशी बहुतेक ठिकाणची रीत आहे. विषय त्याने स्वतः निवडायचा. दुसऱ्या वर्षाच्या वसंतात प्रस्ताव द्यायचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत क्षेत्रकार्य करायचे, हिवाळ्यात लिहायचे आणि वसंतात सादर करायचे. मार्गदर्शकाच्या भेटी मोजक्या असतात. क्षेत्रात पाऊल टाकण्याआधी दोन कागद मंजूर व्हावे लागतात. एक नैतिक संमतीचा आणि दुसरा जोखमीचा. मुलाखत देणाऱ्याला काय सांगणार, त्याचे नाव कसे लपवणार, नदीच्या पात्रात उतरणार असाल तर सोबत कोण असेल, हे सगळे त्यात लिहून द्यावे लागते.

या व्यवस्थेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की ही प्रबंधिका हुशार विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेली नसते. वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगाही ती लिहितो. त्यालाही स्वतःचा प्रश्न विचारावा लागतो. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता परदेशातले वर्ष. युरोपात विद्यार्थ्यांच्या देवघेवीची इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली. ब्रिटन २०२० च्या अखेरीस तिच्यातून बाहेर पडले आणि २०२१ पासून त्या सरकारने ट्युरिंग नावाची स्वतःची योजना आणली. इंग्लंडमध्ये पूर्ण वर्ष बाहेर असलेल्या विद्यार्थ्याकडून त्याच्या विद्यापीठाला कमाल वार्षिक शुल्काच्या १५ टक्क्यांपर्यंतच शुल्क घेता येते. कागदावर ही सोय चांगली आहे. पण विमानाचे तिकीट, व्हिसा, खोलीची अनामत आणि घरी असताना शनिवार-रविवारी दुकानात काम करून मिळणारी मजुरी बुडणे, या गोष्टी शुल्काच्या हिशेबात येत नाहीत. म्हणून ज्याच्या घरी कोणी आधी परदेशी गेलेले आहे, ज्याला घरून पैसे येऊ शकतात, तो सहज जातो. ज्याच्या आईला रात्रपाळी आहे आणि धाकटी भावंडे घरी आहेत, तो फॉर्म आणतो आणि भरत नाही. जगाच्या भूगोलावर कोणाची सही होणार, याची निवड येथेच अर्धी होऊन जाते.

जो जातो त्याच्यापुढे वेगळीच अडचण उभी राहते. प्रबंधिकेचे वेळापत्रक घरी राहणाऱ्या विद्यार्थ्याला धरून आखलेले असते. तो दुसऱ्या टोकाला असताना इकडे प्रस्तावाची तारीख येते. मार्गदर्शक पत्रातून बोलतो, तेही घड्याळाच्या उलट्या बाजूने. संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम त्याने दीड-दोन वर्षांपूर्वी केलेला असतो. परतल्यावर जुने मित्र पदवी घेऊन निघून गेलेले असतात आणि वर्गात सगळे चेहरे नवे असतात. बाहेरच्या वर्षाचे गुण अनेक ठिकाणी केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण एवढेच धरले जातात किंवा त्यांना फार थोडे वजन असते. परिणामी विद्यार्थ्याला वाटते की त्या वर्षाचे काहीतरी चीज व्हायला हवे असेल तर ते प्रबंधिकेतच होईल. म्हणजे एक वर्ष जगल्याचा सगळा भार त्या दहा हजार शब्दांवर येऊन पडतो.

या भारातून तीन प्रकारचे लेखन निर्माण होते असे मला दिसले.

पहिल्या प्रकारात विद्यार्थी जेथे राहिला ती जागाच अभ्यासक्षेत्र होते. सोय म्हणून हे ठीक आहे. परंतु परक्या शहरात वर्षभर राहणारा विद्यार्थी प्रत्यक्षात कोणात राहतो? बहुधा आपल्यासारख्याच इतर पाहुण्या विद्यार्थ्यांत. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मुलीने मेलबर्नमधल्या भाड्याच्या घरांविषयी चौदा मुलाखती आणल्या होत्या. त्यांतल्या अकरा देवघेवीवर आलेल्या विद्यार्थ्यांच्या होत्या. शीर्षक शहराचे होते आणि पुरावा वसतिगृहाचा. मेलबर्नचा भाडेकरू कोण, त्याला घरातून केव्हा काढतात, तो शहराच्या कोणत्या कडेला फेकला जातो, यातले काही तिच्या हाती आलेले नव्हते. ती प्रामाणिक होती आणि कष्टाळूही होती. तिने शेवटी शीर्षक बदलले आणि पाहुण्या विद्यार्थ्यांच्या घरशोधावरच प्रबंधिका लिहिली. ती चांगली झाली, कारण पुराव्याच्या मापाचा प्रश्न तिने घेतला.

दुसरा प्रकार तुलनेचा. दोन ठिकाणी राहिलो, तेव्हा दोन ठिकाणांची तुलना करू, असे विद्यार्थ्याला वाटते. मेलबर्नमध्ये ट्राम आहे, मँचेस्टरमध्येही १९९२ पासून ट्राम आहे. पण दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे तुलना होत नाही. मेलबर्नचे ट्रामचे जाळे जगातले सर्वांत मोठे मानले जाते आणि त्याची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. मँचेस्टरने जुनी ट्राम काढून टाकली आणि अनेक दशकांनी नवी आणली. त्यामुळे गाड्यांची, मार्गांची लांबी मोजून काही निष्पन्न होत नाही. थांब्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत कोण राहतो, आणि थांबा आल्यावर तेथले घरभाडे वाढून कोण निघून गेला, असा एकच प्रश्न दोन्हीकडे विचारला तरच तुलनेला अर्थ येतो. तसा प्रश्न विचारणाऱ्या प्रबंधिका मला कमी आढळल्या. बहुतेकांत पहिले शहर एका प्रकरणात, दुसरे दुसऱ्या प्रकरणात आणि शेवटी दोन्हींना लागू पडतील अशी चार गोड वाक्ये, एवढेच होते.

तिसरा प्रकार संख्येने सर्वांत थोडा, पण माझ्या मते सर्वांत मोलाचा. यात विद्यार्थी परततो आणि आपल्याच गावाकडे नव्याने पाहतो. बाहेर असताना जे त्याला खटकले, ते आपल्याकडे का खटकत नव्हते, हा त्याचा प्रश्न असतो. परदेशात त्याला पत्त्यावरून, उच्चारावरून ओळखले गेलेले असते. परतल्यावर त्याला कळते की आपल्या शहरातही पत्त्यावरून माणूस ओळखला जातो. मग तो जनगणनेचे लहान विभाग घेतो, दारिद्र्याचा निर्देशांक घेतो, बसचे मार्ग पाहतो आणि ज्या रस्त्याने तो लहानपणापासून शाळेत गेला त्या रस्त्याची दोन टोके वेगळी का, हे शोधतो. अशा लेखनात परदेशातले वर्ष क्वचितच नावाने येते. पण प्रश्न त्या वर्षानेच दिलेला असतो.

प्राकृतिक भूगोलाच्या विद्यार्थ्याची अडचण वरवर वेगळी दिसते. हिमनदी, गाळ, मृदा यांना मुलाखतीची भीड नसते. पण त्यालाही परतीचा प्रश्न आहेच. बर्फ वितळण्याचा हंगाम विद्यापीठाच्या सत्रासाठी थांबत नाही. परदेशातली माती ब्रिटनमध्ये आणायची तर परवाना लागतो. जे मोजायचे राहिले ते राहिले, पुन्हा जाण्याला पैसा नसतो. मूठभर मातीला सीमेवर परवाना विचारला जातो ही गोष्ट मला विचार करायला लावणारी वाटली. कारण माणसांचे बोलणे, त्यांची दुःखे, त्यांच्या वस्तीचे नकाशे या गोष्टी दोन शतके कोणत्याही परवान्याशिवाय लंडनला पोहोचत होत्या.

येथे भूगोल या विषयाचा इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. लंडनची रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी १८३० साली स्थापन झाली. हॅल्फर्ड मॅकिंडर यांची १८८७ मध्ये ऑक्सफर्डला भूगोलाचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. १८९९ मध्ये तेथे भूगोलाची स्वतंत्र शाखा उभी राहिली आणि त्याच वर्षी मॅकिंडर माउंट केन्याच्या शिखरावर पोहोचले. वर्गातला भूगोल आणि मोहिमेचा भूगोल एकाच माणसाच्या अंगावर वाढत होते. शिखरावर पोहोचणाऱ्याचे नाव पुस्तकात गेले, सामान वाहणाऱ्या आफ्रिकी हमालांची गणती ओझ्यांबरोबर झाली. क्षेत्र म्हणजे दूरचे, परके, दुसऱ्याचे ठिकाण, आणि भूगोलतज्ज्ञ म्हणजे तेथे जाऊन परत येणारा, ही धारणा त्या काळात पक्की झाली. आजचा विद्यार्थी मोहिमेवर जात नाही, हे खरे. परंतु दूर जाऊन आलो म्हणजे सांगण्यासारखे काही आणलेच, ही समजूत त्याच वारशाची आहे.

क्षेत्र दूर असले म्हणजेच नजर परकी होते असेही नाही. चार्ल्स बूथ यांनी १८८९ पासून लंडनच्या गरिबीचे नकाशे प्रसिद्ध केले. रस्त्यागणिक रंग दिले. श्रीमंतांना पिवळा, आणि सर्वांत खालच्या वर्गाला काळा. त्या काळ्या रंगाच्या सूचीत या वर्गाला दुर्वर्तनी आणि अर्धगुन्हेगार म्हटले होते. १८९८-९९ च्या सुमारास नकाशे दुरुस्त करताना बूथ यांचे सहकारी पोलिसांबरोबर गल्लीबोळांतून फिरले. हे काम मोठे आहे, त्याने लंडनच्या दारिद्र्याचा विस्तार दाखवून दिला, हे नाकारता येणार नाही. तरीही पोलिसाच्या शेजारी उभे राहून पाहिलेली गल्ली आणि त्या गल्लीतल्या खिडकीतून पाहिलेला पोलीस, या दोन गोष्टी एकच नव्हेत. नकाशावर रंग भरणारा हात कोठे उभा आहे, हे त्या नकाशाच्या सूचीत लिहिलेले नसते.

आधुनिक ब्रिटिश-अमेरिकन भूगोलाने हा प्रश्न स्वतःला विचारला, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. विशेषतः स्त्रीवादी भूगोलतज्ज्ञांनी तो विचारला. १९९४ साली किम इंग्लंड यांनी एका निबंधात आपल्या फसलेल्या संशोधनाविषयी लिहिले. टोरांटोतील समलिंगी स्त्रियांच्या जीवनाविषयी त्यांना अभ्यास करायचा होता. तो त्यांनी सोडला, आणि आपण त्या समूहातल्या नसताना त्यांच्या वतीने काय बोलू शकतो, याचीच चर्चा केली. अशा विचारातून संशोधकाने आपली उभे राहण्याची जागा उघड करावी, असा दंडक आला. इंग्रजीत त्याला ‘पोझिशनॅलिटी’ म्हणतात. आज पदवीच्या प्रबंधिकेतही त्यावर एक परिच्छेद असतो. मी गोरा, मध्यमवर्गीय, पुरुष, या शहरात पाहुणा, असे विद्यार्थी लिहितो.

पण मी वाचलेल्या अनेक प्रबंधिकांत हा परिच्छेद अभ्यासपद्धतीच्या प्रकरणात एकदा येतो आणि पुढे त्याचा पत्ता नसतो. निष्कर्षावर त्याचा ओरखडाही उमटत नाही. देवळात जाताना चपला बाहेर काढाव्यात आणि परत येताना त्याच घालाव्यात, तसा तो एक आचार होऊन बसला आहे. गिलियन रोझ यांनी १९९७ मध्येच या धोक्याकडे बोट दाखवले होते. संशोधकाला स्वतःची जागा आरपार पाहता येते आणि ती सांगून टाकता येते, हा समजच त्यांनी खोटा ठरवला. आपण जेथे उभे आहोत ती जागा आपल्यालाही पूर्ण दिसत नाही. ती कामातून, चुकलेल्या मुलाखतीतून, समोरच्याच्या गप्प बसण्यातून थोडी थोडी कळते. म्हणून परिच्छेद कितीही प्रांजळ असला तरी पुरत नाही. मुलाखतीत कोण बोलले नाही आणि का, हे निष्कर्षाच्या प्रकरणात यावे लागते.

या वादाचे आपल्या वाचकाला नवल वाटू नये. स्वानुभव आणि सहानुभूती यांचा झगडा दलित साहित्याच्या चर्चेत वर्षानुवर्षे चालला आहे. जगलेले आणि पाहिलेले यांत फरक आहे, हे आपण ठामपणे मांडले, आणि ते योग्यच होते. मात्र त्यातून अनुभव आला म्हणजे ज्ञान आलेच, असा सोपा अर्थ काढणारेही निघाले. परदेशी राहून आलेल्या विद्यार्थ्याची समजूतही नेमकी हीच असते. मी तेथे होतो, म्हणून मला माहीत आहे. अनुभवाला पुराव्याचे रूप यायचे असेल तर त्याची उलटतपासणी व्हावी लागते. हा नियम पाहुण्याला लागू आहे, तसा घरच्यालाही.

या ठिकाणी मला बाबासाहेबांचे उदाहरण अटळपणे आठवते. ते पदवीचे विद्यार्थी नव्हते आणि त्यांचा विषयही भूगोल नव्हता, हे ध्यानात ठेवूनच मी ते देतो. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. तीन वर्षे न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्या या विद्यार्थ्याने तेथे उभे राहून आपल्या देशाकडे पाहिले. त्या निबंधात त्यांनी स्वतःवर आलेला प्रसंग सांगितलेला नाही. सेनार, नेसफील्ड, रिझ्ले आणि आपले केतकर यांची मते समोर ठेवून त्यांनी ती तपासली आणि जातीबाहेर विवाहाची बंदी हे जातीचे मूळ यंत्र आहे, असा सिद्धांत मांडला. अनुभवाने प्रश्न निवडला आणि उत्तर मात्र पुराव्याने दिले. दूर जाण्याचा याहून मोठा उपयोग कोणता असू शकतो?

भूगोलातही असे एक उदाहरण आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९६८ साली विल्यम बंगी हा भूगोलाचा प्राध्यापक आणि ग्वेंडोलिन वॉरेन ही तेथली तरुण कृष्णवर्णीय मुलगी यांनी मिळून ‘डेट्रॉइट जिऑग्राफिकल एक्स्पिडिशन’ नावाचा उपक्रम चालवला. एक्स्पिडिशन म्हणजे मोहीम. साम्राज्याचा तो शब्द त्यांनी उचलला आणि स्वतःच्याच शहराकडे वळवला. विद्यापीठाचे श्रेयांक मिळतील असे वर्ग त्यांनी वस्तीतल्या लोकांसाठी सुरू केले. त्यांच्या १९७१ च्या एका अहवालात एक नकाशा आहे. उपनगरातून मोटारीने कामाला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रस्त्यावर कृष्णवर्णीय मुले कोठे कोठे चिरडली गेली, ती ठिकाणे त्यात दाखवली आहेत. त्या रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येक आईला ही गोष्ट ठाऊक होती. परंतु ठिपके एकाखाली एक ओळीने पडले, तेव्हा अपघात हा शब्द तेथे टिकेना. ज्यांना क्षेत्र म्हणून पाहिले जात होते, त्यांनी नकाशा काढला. वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या प्रबंधिकेचे मोल मी याच कसोटीवर ठरवतो.

आता माझ्या वर्गाकडे येतो. परदेशातले वर्ष म्हणजे काय, हे मी एकदा मुलांना समजावून सांगत होतो. दूर राहिल्याने माणूस कसा घडतो, तेथली विद्यापीठे त्याला किती मान देतात, असे बोलत असताना मागून एक मुलगी म्हणाली, “सर, आमी बी सहा महिने भायेरच असतो की.” वर्ग हसला. ती हसली नाही. दिवाळी झाली की ती आई-वडिलांबरोबर टोळीत जाते आणि पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात, परत येते. तिच्या हजेरीपत्रकावर या सहा महिन्यांची नोंद गैरहजर अशी असते.

तिच्या वाक्याने या साऱ्या विषयाची बाजू पालटते. एक विद्यार्थी दहा महिने परगावी राहतो, त्याला विद्यापीठ अनुभवसंपन्न म्हणते आणि पदवीच्या नावापुढे ‘परदेशातील वर्षासह’ असे छापते. दुसरी विद्यार्थिनी पाच-सहा महिने परगावी राहते, तिला परीक्षेला बसू द्यावे की नाही, यावर आपण चर्चा करतो. दोघेही परक्या मुलखात राहिलेले आहेत, दोघांनीही तिथली बोली, बाजार, पाणी, माणसे ओळखून घेतलेली आहेत. फरक इतकाच, की एकाच्या प्रवासामागे निवड आहे आणि दुसरीच्या प्रवासामागे मुकादमाकडून घेतलेली उचल. भूगोलाने तरी या दोन प्रवासांना एका मापाने मोजायला नको काय?

त्या मुलीच्या डोक्यात किती प्रबंधिका आहेत याचा विचार करावा. कोणत्या गावांतल्या टोळ्या कोणत्या कारखान्याकडे जातात आणि मुकादम बदलला की ही वाट कशी बदलते. कोपीपासून पाणी किती लांब, आणि ते आणणारी कोण. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, तेव्हा एकट्या बाईला टोळीत जागा कोठे. साखरशाळा कोठे आहे आणि फड हलला की ती मुलांच्या पायांना किती दूर पडते. हे सर्व प्रश्न शुद्ध भूगोलाचे आहेत. यांना नकाशा लागतो, अंतर लागते, काळ लागतो. मेलबर्नच्या ट्रामला जे शास्त्र लागते तेच येथे लागते.

मात्र पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. संमतीपत्राचेच पाहा. मुलाखतीपूर्वी कागदावर सही घ्यावी, म्हणजे समोरच्याच्या इच्छेचा मान राखला गेला, असे तिकडे मानतात, आणि त्यामागचा हेतू चांगला आहे. पण ज्याने आयुष्यात सही किंवा अंगठा फक्त उचलीच्या कागदावर केला, त्याच्यापुढे आपण कागद धरला तर तो काय समजेल? त्याच्या लेखी सही म्हणजे बांधले जाणे. तेथे तोंडी संमतीच घ्यावी लागेल, तीही मुकादम जवळ नसताना. ही अडचण वस्तीतून आलेल्या विद्यार्थ्याला कोणी शिकवावी लागत नाही. पण घरचा म्हणून त्याचीही गैरसमजातून सुटका नाही. त्याच्यासमोर काका-मावशी काही गोष्टी बोलणारच नाहीत, कारण त्या गावात पोहोचतील. परक्याला सांगितले जाते आणि घरच्याला लपवले जाते असेही पुष्कळ असते. ते त्याने ओळखून निष्कर्षात लिहिले पाहिजे.

आणि आता मघाच्या मुद्द्याकडे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडेही चार वर्षांची पदवी आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जी चौकट जाहीर केली, तिच्यात चौथ्या वर्षी संशोधनासह पदवी घेणाऱ्यासाठी बारा श्रेयांकांची प्रबंधिका आहे. पण त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. ब्रिटनमध्ये सत्तर गुणांना प्रथम वर्ग मिळतो आणि त्याहून कितीतरी कमी गुणांचा विद्यार्थीही प्रबंधिका लिहितो. आपण मात्र प्रश्न विचारण्याच्या दारावर पंचाहत्तरचा उंबरठा बांधला. सहा महिने फडात असणारी मुलगी पंचावन्न गुण मिळवते तेव्हा ते पंचावन्न कशाचे आहेत, हे मी जाणतो. तिच्याजवळ प्रश्न आहे आणि गुण नाहीत. ज्याच्याजवळ गुण आहेत, तो बहुधा तिच्याच टोळीवर प्रबंधिका लिहील, प्रश्नावली घेऊन एका रविवारी फडावर येईल आणि तिची मुलाखत घेऊन जाईल. मॅकिंडरच्या मोहिमेतले हमाल आणि शिखर यांची वाटणी आपण आपल्याच तालुक्यात पुन्हा करणार आहोत काय?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. परदेशातले वर्ष वाईट नाही, ते अधिकाधिक मुलांना मिळावे, आपल्या मुलांना तर मिळालेच पाहिजे. पण दूर जाऊन येणे हे ज्ञानाचे प्रमाणपत्र नव्हे. परतल्यावर माणूस कोणता प्रश्न विचारतो, कोणाच्या बाजूने उभे राहून विचारतो आणि आपल्या अनुभवाची उलटतपासणी करतो की नाही, यावर प्रबंधिकेची किंमत ठरते. ही कसोटी हाँगकाँगहून परतलेल्याला लावावी आणि सांगली-कोल्हापूरच्या फडावरून परतलेल्या मुलीलाही. ती लावायची असेल तर तिला आधी लिहू दिले पाहिजे. संशोधनाच्या दारावरची पंचाहत्तर टक्क्यांची अट काढावी, प्रबंधिका प्रत्येक विद्यार्थ्याला खुली करावी आणि स्थलांतराचे महिने गैरहजेरीत न धरता क्षेत्रकार्यात धरण्याची सोय अभ्यासमंडळांनी करावी. भूगोलाच्या अध्यापकांनी ही मागणी लेखी केली पाहिजे. माझ्या महाविद्यालयापुरती मी ती केली आहे. इतरांनीही करावी, यासाठी हा लेख.